वाटाण्याच्या पानातलं दार

फोन आला तो मंगळवार रोजच्यासारखाच होता. शादलियाने सकाळी आठ दिवसांची रोपं कापली, पानं थंडगार पाण्यात घुसळून गाळली आणि मी लाखो भावंडांसह बर्फातल्या नळीत येऊन पडलो. मी वाटाण्याच्या पानातलं हरितलवक बोलतोय. पान हिरवं दिसतं ते आमच्यामुळे.

आमचं बियाणं शादलियाच्या माहेरच्या गफ्सा गावचं, तिच्या वडिलांनी स्फाक्स शहरातल्या या प्रयोगशाळेत पाठवलेलं. फोनवर ते विचारत, "काय गं, माझे वाटाणे काय म्हणतात? इथे लोक ते मटणात शिजवतात, तू त्यांना प्रश्न विचारत बसतेस!"

"उत्तर आलं की आधी तुम्हालाच सांगेन, बाबा."

प्रश्न माझ्याबद्दलच होता. उन्हातून साखर मी करतो, पण त्यासाठी लागणारी बहुतेक प्रथिनं बाहेर, पेशीच्या रसात बनतात. प्रत्येकाच्या टोकाला माझा पत्ता असतो. माझ्या दोन्ही भिंतींतली दारं अरुंद. प्रथिन उलगडून दोऱ्यासारखं आत ओढावं लागतं. आत आलं की पत्ता कापून टाकतो, मग ते घडी घालून कामाला लागतं. बर्फात मात्र ते अर्ध्यावरच थांबतं. ऊब मिळाली की ते पुढे सरकतं की मागे फिरतं, हे तिला पाहायचं होतं.

साडेअकराला भावाचा फोन आला. "शादलिया, बाबा गेले. शेतात पाणी सोडताना. दफन आजच, दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर. लगेच निघ."

गफ्सा तीन तासांवर. ती नळीकडे पाहत उभी राहिली; प्रयोग अजून सुरूही झाला नव्हता.

साफसफाई करणारी मबरूका म्हणाली, "वीस मिनिटांचं काम ना? मला सांग, मी करते."

"दर मिनिटाला तपासायला थेंब काढायचा असतो, खाला."

"मग राहू दे. माझे हात भांडी घासायचे, तुझे वाटाणेही घासून ठेवतील." मग तिने शादलियाचा कोट काढून घेतला. "जा, पोरी. त्यांची बरकत आता तुझ्यात राहो."

शादलियाने नळीवर तारीख घातली आणि निघाली.

आता अस्रची वेळ होत आलीय. पानाबाहेर आम्ही काही तासच टिकतो. माझी ताकद संपत आलीय. दारात एक प्रथिन आहे, पत्त्याचं टोक आत, शेपूट बाहेर. ते कुठे गेलं असतं, मलाही ठाऊक नाही.

नळी कोमट पाण्यात ठेवायची राहून गेली.