राघोत्तमरावांचं रडणं

राघोत्तमरावांचा एक खाक्या होता: ज्याला आधी ऐकलं नाही त्याच्यापुढे जाऊन बसायचं नाही. मुलगी बघायला जाण्याआधी पत्रिका पाहतात, मग गवयानं काय घोडं मारलंय? म्हणून त्या वर्षी मद्रासला कर्नाटक संगीतापासून जाझपर्यंत सगळ्याची खिचडी असलेला तीन दिवसांचा महोत्सव ठरला, तेव्हा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या या हेडक्लार्कांनी सहा अनोळखी कलावंतांच्या कॅसेटी आणल्या आणि त्या ऐकायला एक जुना टेपरेकॉर्डर घेतला.

त्याची मोटर म्हातारी झालेली. चार मिनिटांचं गाणं आठ मिनिटं चालायचं. पण कळणार कसं? यातला एकही आवाज घरात कुणी पूर्वी ऐकलेलाच नव्हता! गझल गाणारी अलकनंदा एखाद्या दाढीवाल्या बुवासारखी घुमायची; राघोत्तमरावांनी वहीत लिहून ठेवलं, 'बाईंना सर्दी.'

मग लागला एन्नोरचा सॅक्सोफोनवाला रामस्वामी, आणि आक्रीतच घडलं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा राघोत्तमरावांच्या डोळ्यांतून टिपूसही निघालं नव्हतं. धाकटी बहीण राजसबाई चारचौघांत त्यांना दगड म्हणाली आणि वेस्ट मांबलमला आपल्या घरी निघून गेली, ती वर्षभर बोलली नव्हती. त्यांना ते फार सलायचं; पण रडू काय मागवून येतं? आता तो सॅक्सोफोन असा काही कण्हला, की ते ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशीही रडले, अगदी त्याच जागांवर. आठवड्याभरात सगळं बसून गेलं: दुसऱ्या मिनिटाला हुंदका, पाचव्याला आईला हाक, आठव्याला नाक शिंकरणं. बायको त्रिपुरसुंदरी त्या हाकेवर दूध उतरवायची.

त्यांनी बहिणीला पत्र टाकलं, की महोत्सवाला ये आणि मी रडतो ते डोळ्यांनी बघ. राजसबाई आली. बोलली नाही, पण घडीचा टॉवेल मांडीवर घेऊन शेजारी बसली.

रामस्वामी नारिंगी शर्टात उड्या मारतच मंचावर आला आणि वाजवू लागला. अहो, कॅसेटमधलं ते गाणं म्हणजे चक्क वरातीत नाचायचं गाणं! सगळं मैदान उठून नाचायला लागलं. राघोत्तमरावांच्या पायांखालची जमीनच सरकली. आता बहिणीला काय दाखवणार, कपाळ?

पण जागा त्याच होत्या. पहिल्याच मिनिटाला हुंदका आला. तो गिळतात न गिळतात तोच आईला हाक गेली. ती तोंडात असतानाच नाक वाहू लागलं. पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटलं यांना ठसका लागला, त्यानं पाणी दिलं. चार मिनिटांत गाणं संपलं, आणि आईही संपली.

टाळ्या पडत होत्या. राजसबाईच्या टॉवेलची घडी अजून मोडलीही नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "माझं रडायचं राहिलं."

मग ती ओचा सावरत खुर्चीवर चढली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "वन्स मोअर!"

खुर्ची डगमगत होती. राघोत्तमरावांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.