पिंजऱ्यावरचं कार्ड

प्रयोगाच्या सातव्या दिवशी सकाळी तिने प्रयोगशाळेतल्या उंदीरखोलीचं दार उघडलं आणि पिंजऱ्यांत डोकावून पाहिलं. ज्या आठ उंदरांच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या लढाऊ पेशी तिने इंजेक्शन देऊन नाहीशा केल्या होत्या, ते खुशाल दाणे कुरतडत होते. शेजारच्या पिंजऱ्यातले, शाबूत पेशींचे, माना टाकून पडले होते. दोन तर गेलेही होते. रोगाचा परजीवी सगळ्यांना एकाच दिवशी टोचला होता. व्हायला हवं होतं नेमकं उलटं.

"पिंजऱ्यांवरच्या कार्डांची अदलाबदल झालीय," मागून तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "काल पिंजरे कोणी धुतले?"

बावीस वर्षं इथले पिंजरे सफाईवाले मामाच धूत आले होते. ते दारातच उभे होते. "मी एका वेळी एकच पिंजरा काढतो, सर."

"मग काय उंदरांनी बदलली? उद्यापासून येऊ नका." सर तिच्याकडे वळले. "कोणता उंदीर कोणत्या गटातला, ते कानांच्या खुणा बघून मला सांग. मी यांचं पत्र तयार करायला घेतो."

सर गेले. खुणा नव्हत्याच. घाईत करायच्या राहिल्या होत्या, आणि वहीत मात्र तिने 'केल्या' असं लिहून ठेवलं होतं. आता नुसतं 'खुणा कार्डांशी जुळत नाहीत' म्हटलं असतं, तर ती सुटली असती आणि दोष मामांवर गेला असता.

"कान कोरे आहेत, ताई," मामा हळूच म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज हाताळतो मी त्यांना."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"ते तुम्ही सांगायचं."

तिने प्रत्येक उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढलं आणि पेशी मोजायच्या यंत्रापाशी जाऊन बसली. मोजणी दोन तास चालली. मग आकडे आले. टुणटुणीत उंदरांच्या रक्तात लढाऊ पेशी जवळपास नव्हत्याच. परजीवी मात्र दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या रक्तात सारखेच माजले होते. कार्डं बरोबर होती. उंदरांचा जीव परजीवी नव्हे, त्यांच्याच लढाऊ पेशी घेत होत्या.

कागद घेऊन ती सरांसमोर उभी राहिली. आधी कानांचं सांगितलं, वहीचं सांगितलं, मग कागद पुढे केला. सरांनी तो दोनदा वाचला.

"खोटी नोंद केलीस. उंदरांचं काम आजपासून तुझ्याकडे नाही."

"चालेल. पण मामांचं पत्र?"

सरांनी ते फाडलं. माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

उंदीरखोलीत मामा आणखी एक मेलेला उंदीर बाजूला ठेवत होते. तिने मदतीला हात पुढे केला.

"आधी हातमोजे घाला," ते म्हणाले.