मेसच्या भिंतीसाठी

आमच्या घरात दादाचं नाव काढायची सोय नव्हती. युद्धात मेलेल्या मुलाचा आईला अभिमान वाटतो म्हणतात. आमच्या आईला राग होता. दादा गेला तेव्हा त्याच्या कमांडो तुकडीचे साहेब घरी आले होते. नदीपलीकडच्या चौकीवर छापा घालून सगळे बोटीकडे परतले, पण दादा स्वतःहून मागे थांबला, त्यानं शत्रूला रोखून धरलं म्हणून बाकीचे वाचले, असं त्यांनी सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिथंच तिचं दादाशी बिनसलं. निघताना त्यानं तिला शब्द दिला होता की उगाच पुढे पुढे करणार नाही, परत येईन. तिच्या मते त्याला शाबासकी प्यारी झाली, आई नाही. जिवंत माणसाशी भांडण झालं तर कधीतरी मिटतं, मेलेल्याशी मिटवायचं कसं? आता ती अंथरुणाला खिळली आहे आणि डॉक्टर फार दिवसांची आशा दाखवत नाहीत. तरी रुसवा जसाच्या तसा.

अशात पलटणीनं आपल्या युद्धातल्या कामगिरीचं संग्रहालय उघडलं आणि मला बोलावणं आलं. मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करते. पाळी बदलून घेतली आणि गेले.

नव्या रंगाचा वास, पायाखाली गालिचा, आणि भाषणावर भाषण. दादाचा फोटो दाराएवढा मोठा केलेला, खाली सोनेरी अक्षरांत 'स्वेच्छेने मागे राहिला' असं कोरलेलं. ज्या साहेबांनी तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं, ते आता फार मोठे साहेब झाले होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, फोटोवाला फोटो काढेपर्यंत धरले आणि फोटो निघाल्याबरोबर सोडले.

मग एक तरुण अधिकारी आम्हांला हिंडवायला लागला. बोलका होता. एका भिंतीवर नाना वस्तू टांगल्या होत्या: चौकीची पाटी, तुटका टेलिफोन, कुणाची तरी टोपी, एका पायाचा बूट.

"ही आमच्या मेसची भिंत, जशीच्या तशी इथं आणलीय," तो म्हणाला. "छापा घातला की तिथून एक वस्तू उचलून आणायची, ही आमची जुनी रीत. रिकाम्या हातानं आलात तर दुसऱ्या तुकड्या जन्मभर चिडवतात." मग त्यानं कोपऱ्यातल्या किटलीकडे बोट दाखवलं. "आणि नदीपलीकडच्या छाप्यात आमची माणसं बहुतेक चहाला थांबली होती."

सगळे हसले. मीही हसले. बुडाशी काळी पडलेली, तोटी वाकलेली ॲल्युमिनियमची साधी किटली. आमच्याकडे असली भांडी भंगारात जातात. दादाच्याच छाप्यातली आहे हे कळत होतं, तरी हसले.

माझ्या शेजारचा एक म्हातारा मात्र हसला नाही. तो वळला आणि बाहेर निघून गेला. एक खांदा पाडून चालण्यावरून ओळखलं: दादाचा दोस्त. रांगेत कायम शेवटी चालायचा म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणायचे. युद्धाआधी एकदा आमच्याकडे जेवून गेला होता.

तो अंगणात भिंतीला टेकून उभा होता. मी ओळख सांगितली, तसा त्याचा चेहरा पडला.

"तुम्हीपण हसलात, ताई," तो म्हणाला.

"हसले. का, हसायचं नव्हतं?"

त्यानं बुटाच्या टोकानं खडी उकरली. मग मान खाली घालूनच बोलला.

"आम्ही बोटीत बसलो होतो. सगळे. तुमचा दादाही, माझ्या शेजारी. काम झालं होतं, चौकी रिकामी झाली होती. वल्हं मारणार, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, भिंतीसाठी काय घेतलं? कुणीच काही घेतलं नव्हतं. साहेब चिडले. दादा काठाच्या बाजूला होता. त्याला म्हणाले, जा, मिळेल ते उचलून आण."

"आणि तो गेला?"

"हुकूम होता. गेला नि ही किटली घेऊन आला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून माझ्या हातात दिली. तेवढ्यात वरच्या अंगानं गोळ्या सुरू झाल्या. साहेब म्हणाले, सोडा बोट. दादाचा एक हात बोटीच्या काठावर होता, ताई. माझे दोन्ही हात किटलीला. ती टाकून त्याचा हात धरावा एवढंसुद्धा मला सुचलं नाही. आमच्यात आणलेली वस्तू टाकत नाहीत."

"मग?"

"मग काय. पलीकडच्या काठाला लागल्यावर साहेबांनी आधी किटली मागितली."

आत जाऊन मी मोठ्या साहेबांना गाठलं. ते केक खात होते. मी किटलीचं विचारलं, तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला कोपऱ्यात घेतलं आणि बापाच्या मायेनं आवाज खाली आणला.

"हे बघा, युद्धात अशा गोष्टी होतात. आम्ही त्याला पदक मिळवून दिलं की नाही? किटलीसाठी गेला म्हटलं असतं तर तुमच्या आईला बरं वाटलं असतं का?"

त्यांच्या मिशीत मलई अडकली होती आणि ते माझ्या आईची काळजी करत होते. त्या माणसाचा हात आपल्या हाताला लागला होता, या विचारानंच मला शिसारी आली. मी सरळ नळावर जाऊन हात धुतले. मग शेपटाला म्हटलं, "चला. आईला सांगायचंय."

तो आढेवेढे घ्यायला लागला. पलटणीची अब्रू, जुन्या गोष्टी, म्हातारं माणूस, काय काय बोलला. मी म्हटलं, "माझी आई पोराशी भांडत भांडत मरायला टेकलीय. तुमच्या भिंतीची अब्रू तुमच्यापाशी ठेवा." मुकाट्यानं आला.

आईच्या खोलीत औषधांचा वास भरलेला. त्यानं खाटेपाशी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, हात आणि किटलीसकट. आई छताकडे बघत होती. ऐकतेय की नाही तेही कळेना.

"बोटीत बसला होता?" तिनं शेवटी विचारलं.

"हो, आई. बूट काढून त्यातलं पाणी ओतत होता. म्हणाला, आता घरी गेलो की बूट भिजवले म्हणून आई तोंड सोडणार."

"म्हणजे तो निघाला होता."

"निघालाच होता."

"निघाला होता," आई माझ्याकडे बघून म्हणाली, जणू इतकी वर्षं हट्ट माझाच होता. "मी त्याला काय काय बोलले. सणकून बोलले. बिचारा निघाला होता गं." आणि ती रडायला लागली. दादा गेल्याचं कळलं तेव्हाही ती रडली नव्हती. आता तिच्या अंगात रडायचंसुद्धा बळ नव्हतं, नुसता श्वास अडकत होता. शेपूट उठून तिच्या पायांकडे वाकला, तसे तिनं पाय ओढून घेतले.

"तू जा," ती म्हणाली. "तू आलास तरी. जा आता."

तो गेल्यावर मी तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. दोन घोट घेऊन तिनं पेला बाजूला सारला.

"त्या साहेबाला फोन लाव."

"काय सांगू?"

"ये म्हणावं. माझ्यापुढं बस आणि सांग, माझ्या पोराला कशासाठी उतरवलंस. आणि मी आहे तोवर ये म्हणावं, मागाहून हार घेऊन येऊ नकोस."

मी फोन लावला. पलीकडून कुणीतरी सांगितलं, साहेब जेवायला बसलेत. मी म्हटलं, होऊ दे त्यांचं, मी थांबते.