अतिविषाची मुळी

सासरी आमचा औषधांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच. घरामागच्या तीन खोल्या. मामंजी वैद्य, आणि डोंगरावरून येणाऱ्या मुळ्या निवडायचं काम माझ्याकडे. त्यात अतिविष सगळ्यांत जोखमीचं. लहान मुलांना जुलाब झाले की ते उगाळून द्यायचं. पण त्याच डोंगरांत बचनागही उगवतो. दिसायला सख्खी बहीण, आणि जहरी. म्हणून एकेक मुळी मोडायची, मोडलेली कड जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायचं. नुसतं कडू लागलं तर अतिविष. मुंग्या आल्या तर बचनाग.

त्या दिवशी सकाळी मी दाढ काढून आले होते. दुपारी जीभ वळायला लागली, तशी कामाला बसले. तेवढ्यात धाकटी जाऊ दहा महिन्यांच्या चिमणीला घेऊन आली. पोरीला पहाटेपासून जुलाब. बरणीतलं जुनं अतिविष संपलेलं, नवं पोतं आदल्याच दिवशी आलेलं.

"ताई, एक मुळी द्या पटकन. मामंजींनी सहाण धुऊन ठेवलीय."

मी मुळी मोडली. आतून पांढरीशुभ्र. जिभेला लावली. कडू. मग मुंग्या.

"काय झालं?"

"मुंग्या येतायत. दाढेचं इंजेक्शन उतरत असेल."

"असेल, की आहे?"

तेच तर कळत नव्हतं. ती मुळी मोरीत भिरकावली, दुसरी मोडली. पुन्हा मुंग्या. पण या नव्या, की मघाच्याच? चूळ भरली, तर गालालाही मुंग्या. गालाला मी काही लावलंच नव्हतं. म्हणजे इंजेक्शनच. पण जिभेच्या टोकाला जरा जास्त नाहीत का?

मामंजी आत आले. वयामुळे त्यांना चहात साखर पडलीय की मीठ, तेही समजत नसे. आमच्या ह्यांच्या तोंडात तर कायम तंबाखू. मामंजी म्हणाले, "घरात कामाची जीभ एक, आणि तीही आज रजेवर!"

"आणा इकडे, मी बघते," जाऊ म्हणाली.

"तुला सवय नाही गं."

"कडू की मुंग्या, एवढंच ना?" तिनं दुसऱ्या मुळीची कड जिभेला लावली, थुंकली, डोळे मिटले. "कडूच आहे. थांबा... मुंग्या. नाही, नाहीत. का तुम्ही म्हणालात म्हणून वाटतंय मला?"

चिमणी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. आता रडतही नव्हती.

"यातलं काही देऊ नकोस," दुसरी मुळीही मोरीत टाकत मी म्हटलं. "डॉक्टरकडे ने."

मामंजींनी कोरडी सहाण उचलून फळीवर ठेवली. वैद्याची नात दवाखान्यात गेली, सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी घरभर रांगायला लागली.

दुसऱ्या दिवशी माझी जीभ ठणठणीत होती. पोत्यातल्या चाळीस मुळ्या चाखल्या. सगळ्या नुसत्या कडू. पण त्या दोन मुळ्या? दोन्ही मोरीतून वाहून गेलेल्या. पोत्यात उरलेल्यांवरून त्यांचं काय सांगणार?

मी चांगल्या मालावर संशय घेतला, असं मामंजी शेवटपर्यंत म्हणत राहिले. जाऊ अजून भेटेल त्याला सांगते, "ताईंनी माझी पोर वाचवली." तेव्हा मी मामंजींनाही "हो" म्हणत होते, आणि जावेलाही "हो"च म्हणते.