सीमाच्या गाडीखालचं लिंबू

जाई बापाशी एरवी इंग्रजीतच बोलायची. दसऱ्याच्या सकाळी हॉस्पिटलमधून तिचा फोन आला आणि ती मराठीत म्हणाली, "बाबा, आधी खाली बसा." तेव्हाच विलासला कळलं, त्याची बायको सीमा गेली.

तो बसलेलाच होता, कॅनडातल्या व्हिटबीच्या घरच्या गराजमध्ये, उकिडवा. समोर दोन गाड्या. त्याची सदुसष्टची मस्टँग आणि सीमाची एकोणसत्तरची कॅमॅरो. सीमानेच त्याला घरी पिटाळलं होतं. "माझ्या उशाशी बसून काय दिवे लावणार आहेस? जा, गाड्यांची पूजा कर. लिंबू माझ्या गाडीखाली आधी ठेव, तुझ्या डबड्याखाली मग." दर दसऱ्याला पूजा व्हायची, ज्याने त्याने आपली गाडी लिंबावरून न्यायची, आणि मग हिवाळाभर दोन्ही गाड्या झाकून ठेवायच्या. त्या दिवशी लिंबं चाकाखाली ठेवून झाली होती, तेवढंच.

मे महिन्यात घर विकलं. विलास आता मार्कहॅमला जाईच्या फ्लॅटवर राहायला जाणार होता, आणि तिथे पार्किंग एकच. म्हणजे एक गाडी जाणार.

गिऱ्हाईक आले विंडसरचे बापू. हयात इंजिनाच्या कारखान्यात गेलेली, जुन्या गाड्यांचा नाद, तोंडाला लगाम नाही. त्यांनी मस्टँगभोवती एक फेरी मारली.

"विलासराव, रंग नवा, सीट नव्या, इंजिन दुसऱ्याच गाडीचं. पार्लरमधून आणलेली म्हातारी आहे ही. मिरवायला बरी."

"आणि कॅमॅरो?"

"आधीच्या मालकाने हिवाळ्यातही पळवली असणार, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारं खाल्लीत. पण इंजिन जन्माचं आहे, त्याचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतोय. जाणता माणूस हिलाच हात घालणार."

"सीमा हेच म्हणायची."

"मग एकदा तरी हो म्हणायचं होतं वहिनींना."

"डोक्यावर बसली असती."

"एरवी कुठे बसायच्या?"

विलास हसला. बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाला, "कॅमॅरो न्या. माझे गुडघे मावत नाहीत तिच्यात."

बापूंनी दार उघडलं, वाकून चाक पाहिलं. "लिंबू आहे की हो इथे. वाळून गोटी झालंय. काढू, का नेऊ वरून?"

विलास वाकून लिंबाकडे बघू लागला. बापू सीटवर बसले, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं.

"बंद करा, बापू. उतरा."

"का हो?"

"तिचं लिंबू आहे ते. तुम्ही मस्टँग न्या."

बापू उतरले. चाकाकडे पाहिलं, मग विलासकडे. "म्हणजे शेवटी वहिनीच जिंकल्या."

"तिला कळवायची सोय नाही, तेवढंच बरं."

मस्टँग बाहेर निघाली तेव्हा तिच्या चाकाखालचं लिंबू कटकन फुटलं. विलासने त्याचा चुरा झाडून कचऱ्यात टाकला.

शुक्रवारी घराच्या चाव्या द्यायच्या आहेत. सामान मार्कहॅमला पोचलं. कॅमॅरो अजून गराजमध्ये आहे. तिला लिंबावरून न्यायचं राहिलं आहे.