चार नंबरच्या नळाला लाल टॅग

गोरक्षनं आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक, चाकणच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं. दुसरी, दादूच्या खोड्या काढल्या. पहिलीत अधूनमधून खाडे व्हायचे. दुसरीत एकोणतीस वर्षांत एकही नाही.

दादूच्या सेफ्टी शूजमध्ये बेसनाचा लाडू ठेवणारा तोच. दादूच्या नावानं कॅन्टीनच्या पेटीत 'उपमा रोज द्यावा' अशी चिठ्ठी टाकणाराही तोच. त्या चिठ्ठीपायी अख्ख्या शिफ्टनं महिनाभर उपमा खाल्ला आणि महिनाभर दादूला शिव्या घातल्या. दादूनं मात्र उलटून कधी एक खोडी काढली नाही. तो नुसता मान हलवायचा आणि म्हणायचा, "गोरक्ष, तुझा प्रोसेसच बिघडलेला हाय."

कारण दादू होता फायनल इन्स्पेक्टर. ब्रेकचा एकेक पार्ट त्याच्या हाताखालून जायचा. पसंत पडला नाही की खिशातून लाल टॅग काढायचा, बारीक तारेनं पार्टला बांधायचा, संपला विषय. लाल टॅग लागलेल्या मालाला साहेबसुद्धा हात लावत नसे. नियमच तसा: ज्यानं लावला त्यानंच तपासून, सही करून काढायचा. सकाळी आल्या आल्या दहा कोऱ्या टॅगवर स्वतःचा सात नंबरचा शिक्का मारून खिशात ठेवायची दादूला सवय. रविवारी देवळात जातानाही त्याच्या खिशात ते असायचे.

असा हा दादू मंगळवारी रिटायर झाला. शुक्रवारी सकाळी टेम्पो भरून धाराशिवकडच्या आपल्या गावी निघणार होता. निरोपाच्या कार्यक्रमात हार गळ्यात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "एकोणतीस वर्सं काळेवाडीच्या परमिट रूममदी एकच बिअर पिलो. बाटली तीच, टेबल तेच, शेंगदाणे बी बहुतेक तेच. येवढ्या मोठ्या शहरानं मला एक चांगली बिअर पाजली न्हाय. परत यावं असं हाय काय इथं?"

सगळे खदाखदा हसले. सगळ्यात मोठ्यानं गोरक्ष. पण घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पित्त झालंय." गोरक्ष म्हणाला, "व्हय." पित्ताचं नाव दादू होतं, हे तिला कशाला सांगा?

दुसऱ्या दिवशी त्यानं दादूला फोन लावला. "पाजली तर?"

"काय पाजली तर?"

"चांगली बिअर. आपल्याच शहरात. मंग येशील का परत?"

दादूनं जरा विचार केला. "पास झाली तर दरवर्सी येईन, तीच प्यायला. पर तपासणी माझ्या पद्धतीनं. वशिला न्हाय."

"मंजूर. उद्या गुरुवार हाय. सुट्टी."

आता आपल्या पट्ट्यात कारखान्याची सुट्टी गुरुवारी आणि निम्म्या लोकांचा दत्ताचा उपासही गुरुवारीच. ज्या दिवशी प्यायला वेळ, त्याच दिवशी प्यायची बंदी. गोरक्षनं सहा जणांना फोन लावले, सहाही जण कानाला हात लावून मोकळे. दादूचा वार मंगळवार, देवीचा, म्हणून तो सुटला. गोरक्षला कुठलाच वार नव्हता, त्यामुळं देवांनी त्याला कधीच सोडून दिलं होतं.

आपल्या खोल्यांतल्या आयटीवाल्या भाडेकरू पोरांना विचारून गोरक्षनं तीन ठिकाणं काढली. ही सगळी ताजी बिअर तिथंच बनवणारी. गाडी घरी ठेवली आणि दुपारी बारा वाजता दोघं रिक्षानं निघाले. दादूनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिशात पेन, शिक्का मारलेले टॅग आणि चष्मा.

पहिलं ठिकाण हिंजवडीला. छत इतकं उंच की आत ट्रक उभा राहावा. वेटर आला तसा गोरक्ष गंभीर चेहरा करून म्हणाला, "साहेबांचा आज उपास हाय. उपासाची बिअर हाय का?"

पोरगा खरंच आत गेला. दोन मिनिटांनी परत आला. "सर, विचारलं. एक गव्हाची आहे, एक आंब्याची. साबुदाण्याची नाही."

गोरक्षनं टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे गदागदा हलवत राहिला. दादूनं शांतपणे आंब्याची मागवली. ग्लास उजेडात धरला, फेस मोजला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला. मग लाल टॅग काढून लिहिलं: 'कारण: सरबत.' आणि ग्लासाच्या दांड्याला बांधला.

दुसरं वाकडला. तिथली बिअर म्हणे कडूपणासाठी नावाजलेली. दादूनं घोट घेतला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला.

"कशी हाय?" गोरक्षनं विचारलं.

"पाडव्याला चालंल."

"आँ?"

"कडुलिंब हाय रं ही. वर्सातनं एकदा, चमचाभर, देवाचं नाव घेऊन." टॅग. 'कारण: औषध.'

गोरक्ष हसला, पण लगेच बोटांवर ठिकाणं मोजली. उरलं होतं एकच ठिकाण. आणि दादू घड्याळ बघून म्हणत होता, "सामान बांधायचंय राव अजून. पाटा-वरवंटा ऱ्हायलाय."

तिसरं मारुंजीत. वर पत्रा, खाली लाकडी बाकं, काउंटरमागं पितळेचे चार नळ. गुरुवारची दुपार, त्यामुळं माणसं सात-आठच. काउंटरजवळच्या फळ्यावर लिहिलं होतं: 'चार नंबर: ज्वारीची.'

आता इथं गोरक्षनं शहाण्यासारखं बसायला हवं होतं. पण भीती वाटली की गोरक्षचे हात शिवशिवतात, ही लहानपणापासूनची खोड. वाकडला दादू हात धुवायला गेला तेव्हा त्यानं टेबलावर ठेवलेल्या टॅगांतला एक, नुसता शिक्का मारलेला, गोरक्षनं उचलला होता. काउंटरवर कोणी नव्हतं. गोरक्ष उठला, शीळ घालत गेला, आणि चार नंबरच्या नळाला टॅग बांधून आला. बिअर मागवायच्या आधीच रिजेक्ट! दादूचं तोंड कसं होईल, एवढंच त्याच्या डोक्यात.

तेवढ्यात आतून काउंटरवाला आला. नळाकडं हात नेला आणि विजेचा झटका बसावा तसा मागं घेतला. टॅग उलटून बघितला, कारण लिहिलेलं नव्हतं. शिक्का बघितला. आणि आत वळून ओरडला, "मॅडम! चार नंबर बंद! लाल टॅग लागलाय!"

"काय लागलंय?" आतून एक तिशीतली बाई हात पुसत बाहेर आली. हर्षाली तिचं नाव, इथली बिअर तीच बनवायची. "काढ की तो, ज्योतीराम. लोक थांबलेत."

"मी नाय काढायचा."

"अरे कागदाचा तुकडा आहे!"

"मॅडम, सात नंबरचा शिक्का हाय. दादूभाऊंचा. त्यांच्या हाताखाली मी तीन वर्सं काँट्रॅक्टवर होतो. एकदा मी लाल टॅगचा माल चुकून पुढं ढकलला तर माणसानं मला दिवसभर त्या मालाशेजारी उभं केलं होतं. मी नाय काढायचा." मग त्याची नजर बाकावर गेली आणि तो ताठच झाला. "दादूभाऊ! तुमी हितं?"

दादूनं नळाकडं बघितलं. टॅगकडं बघितलं. मग हळूच गोरक्षकडं बघितलं. गोरक्ष छताचे पत्रे मोजत होता.

"भाऊ, तुम्हीच लावलाय ना? मग काढा," हर्षाली म्हणाली.

आणि दादू म्हणाला, "असा कसा काढू? शिक्का माझा हाय. तपासल्याबिगर सही न्हाय करत मी."

गोरक्षला कळेना, हसावं की पळावं. आपल्याच हातानं आपण आपल्या शेवटच्या आशेला टॅग बांधला होता. दादू काउंटरपाशी गेला, चष्मा चढवला. "एक ग्लास द्या. तपासणीपुरता."

ज्योतीरामनं आधी टॅगला नमस्कार केला, मग नळ सोडला. दादूनं ग्लासाला हात लावला आणि लगेच काढला.

"किती डिग्री?"

"दोन," हर्षाली म्हणाली. "मालकांना गारेगार लागते."

"तुमाला?"

तिनं आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "मला नाही. मी सांगून दमले. ज्वारीला एवढी थंडी मारली की ती तोंड उघडतच नाही."

"मंग थांबू की." दादूनं ग्लास ठेवला आणि समोर घड्याळ काढून ठेवलं.

दहा मिनिटं चौघं एका ग्लासाकडं बघत उभे होते. बाकावरची दोन पोरं पण उठून आली, काय चाललंय बघायला. गोरक्षनं आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं कुणाची थट्टा केली नाही. घशाला कोरड पडली होती आणि समोर बिअर होती आणि प्यायची सोय नव्हती.

दहा मिनिटं झाली. दादूनं वास घेतला. एक घोट घेतला. डोळे मिटले ते उघडेनात.

"काय झालं? दादू? ए दादू, बोल की!"

"हुरडा," दादू म्हणाला.

"काय?"

"हुरडा भाजलाय कुणीतरी. शेताच्या कडंला. आत्ता." त्यानं डोळे उघडले, ते ओले होते, पण तोंड हसत होतं. "बाई, ज्वारी कुठली तुमची?"

"बार्शीकडची. मोड आणून, मंद भाजते मी."

"उगं न्हाय मग." दादूनं पेन काढलं, टॅगच्या मागं लिहिलं: 'दहा मिनिटं थांबून द्यावी. पास.' खाली सही केली, तार सोडली आणि टॅग हर्षालीच्या हातात ठेवला. तिनं तो फळ्याच्या कोपऱ्यात खोचला. ज्योतीरामनं टाळी वाजवली. बाकावरच्या पोरांनी काही न समजता वाजवली. त्या गडबडीत दादूनं अजून एका टॅगवर काहीतरी खरडलं. आणि गोरक्षनं दादूला मिठी मारून असा उचलला की दादूचा चष्मा बिअरमध्ये पडता पडता राहिला.

"पास! पास म्हणाला! आता येतोयस तू! दरवर्सी!"

"सोड रं, कंबर जाईल," दादू म्हणाला आणि त्याची पाठ, कंबर थोपटत राहिला. जरा जास्तच वेळ.

"ज्योतीराम! चार नंबरची अजून दोन!"

ज्योतीरामनं एकच ग्लास भरला. दादूसमोर ठेवला.

"आणि माझा?"

"जमणार नाय, काका."

"का?"

ज्योतीरामनं हनुवटीनं मागं दाखवलं. गोरक्ष गर्रकन वळला. मग उलटा वळला. आपलीच शेपटी धरायला निघालेल्या मांजरासारखा तो जागच्या जागी तीन फेऱ्या फिरला. हर्षाली हसून हसून काउंटरवर आडवी झाली. पँटच्या मागच्या लूपाला लाल टॅग लटकत होता, तारेचे चार वेढे देऊन.

"दादू! काढ!"

दादू आरामात ज्वारीची बिअर पीत होता. एकोणतीस वर्षांची बिअर. "आज न्हाय निघायचा. वाचून घे."

हर्षालीनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. सात नंबरचा शिक्का. 'माल: गोरक्ष. कारण: प्रोसेस बिघडलेला. पुढील तपासणी: पुढच्या वर्षी, हाच गुरुवार, इथंच.'

गोरक्षनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं जरा हलायला लागली, म्हणून मोबाइल परत दिला आणि लिंबूपाणी मागवलं.

संध्याकाळी निगडीहून चाकणच्या बसमध्ये तो चढला तेव्हा गाडी खच्चून भरलेली. पण मागून टॅग दिसला आणि सुट्टीचा बाजार करून परतणारी कंपनीची माणसं आपोआप दोन बोटं सरकली. एवढ्या गर्दीत गोरक्षला कुणाचा धक्का म्हणून लागला नाही. तळवड्याजवळ मागच्या एकानं वाकून वाचलं आणि विचारलं, "काका, काढू का हो? कुणीतरी खोडी काढलीय तुमची."

"खबरदार हात लावशील तर," गोरक्ष म्हणाला. "ज्यानं लावलाय तो येणार हाय काढायला."