पंगत उठल्यावर

ठमाबाई अंगणात हळद कुटत होती आणि मध्येच मुसळ थांबवून एकटीच हसत होती. कमळने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. आई अशी हसली की कुणाची तरी खोड निघणार, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. यंदा कुणाची, हेही ठाऊक होतं.

“कमळे, ऐकतंस काय?”

“ऐकतेय.”

“परवा शेजारच्या काशीची हळद. ती ओळ या बारीला मागनं म्हनायची न्हाय. कारभाऱ्याच्या हातात नारळ पडू दे. मग.”

कमळने पान उलटलं.

रेवदंड्याच्या खाडीकाठच्या खारवाडीत लग्नाला भटजी लागत नसे, धवलारीण लागे. ती मांडवात बसून धवले गायची, देवांना एकेक करून नावानं बोलवायची, समुद्राला, वाऱ्याला, मेलेल्या वाडवडलांना आवतण द्यायची. ती गाईपर्यंत हळद लागत नसे आणि ती थांबेपर्यंत कुणी उठत नसे. आलेल्या देवांकडे पाठ फिरवायची म्हणजे नवरा-नवरीचं वाईट चिंतायचं. पंचक्रोशीत धवलारणी चार-पाच होत्या, पण ठमाबाई यायची असेल तर लोक लग्नाची तारीख मागेपुढे करत. तिचा आवाज खणखणीत होता आणि तिला ते माहीत होतं. लुगडं ती हिरवंच घ्यायची, मान पुढचाच मागायची, आणि गाताना कुणी कुजबुजलं तर गाण्यातच त्याचं नाव घेऊन त्याला गप्प करायची.

गावची सगळी जमीन खोताची. म्हणून हळदीला खोताचा माणूस, त्याचा कारभारी, यायचा, पहिल्या पाटावर बसायचा, आणि नवरीचा बाप त्याच्या हातात नारळ द्यायचा. गेल्या साली समुद्राचा बांध फुटून भातात खारं पाणी शिरलं. खोताने बांधाला दगड दिला नाही, पण वाटा मात्र पूर्ण मागितला. कुळांनी नांगर बाजूला ठेवले. आणि ठमाबाईच्या धवल्यात एक नवी ओळ आली:

दर्याला आवतान, वाऱ्याला आवतान, आवतान धरतरीला,
खोतालाबी आवतान धाडा गं, पंगत उठल्यावरी त्याला.

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. पुढच्या लग्नात त्यांनी पदर काढून हसून घेतलं. हंगाम संपेपर्यंत पोरं ती ओळ खाडीत डुंबताना म्हणू लागली. खोतापर्यंत ती गेली तेव्हा बुधाजी पोलीसपाटील ठमाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला.

“ठमाकाकू, तू राजकीय गाणी म्हणतंस अशी वर्दी हाय.”

“राजकीय म्हंजे कसली रं?”

“म्हंजे... मालकाच्या विरुद्ध. सरकारच्या विरुद्ध.”

“अरे मेल्या, मी तर त्याला आवतान दिलं! दिलं नसतं तर तुझा गुना खरा. मी अडानी बाय, मला कुठलं आलंय राजकारन? लग्नाचं गानं ता.”

बुधाजीने डोकं खाजवलं, चहा घेतला आणि गेला. तो वळणाआड होईपर्यंत ठमाबाई हात जोडून उभी होती. मग जी हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पण ही ओळ तिने आजवर खोताच्या माणसासमोर म्हटली नव्हती. धवला संपून कारभारी नारळ घेऊन गेला की मग, मागे राहिलेल्या बायकांत म्हणायची. आता तिला ते पुरेनासं झालं होतं.

“नारळ हातात असला,” ती मुसळावर हनुवटी टेकून म्हणाली, “म्हंजे धवला संपंस्तवर त्याला हलता यायचा न्हाय. देवान् धरून ठेवलेला मानूस तो. तवा म्हनायची. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन.”

“आये, माझी शाळा खोताच्या पडवीत भरते.”

“मंग तू कान झाक. पुस्तक हायेच.”

कमळच्या लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवऱ्याला पटकीने नेलं होतं. ठमाबाईने तिला सासरहून आणलं आणि धवल्यांच्या मिळकतीवर पुण्याला शिकायला धाडलं. परत आली ती मास्तरीण होऊन आणि पुस्तकांची पेटी घेऊन. दूरदूरच्या देशांतले कवी राजाविरुद्ध कसे लिहीत आणि तुरुंगात कसे जात, हे ती दिव्याजवळ बसून वाचायची.

“तुज्या पुस्तकात असं कोन म्हनतंय काय?” आईने विचारलं.

“म्हणतात. त्यांना तुरुंगात घालतात.”

“मंग त्यांना नारळाची अक्कल न्हाय.” मुसळ एकदा आपटून ती थांबली. “आन तुला कशी वाटली ओळ? खरं सांग.”

“उद्या इन्स्पेक्टर यायचेत शाळेत. वाचू दे ना, आये.”

मग मुसळ पुन्हा सुरू झालं, आणि संध्याकाळी दोघींनी सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाल्ली, नेहमीसारखी.

सकाळी ठमाबाईने लाकडांच्या ढिगात हात घातला आणि फुरसं चावलं. बैलगाडी अलिबागच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली होती. शेवटी ती काही मोठं बोलली नाही. पाणी मागितलं, ते दिलं, ते बाहेर आलं.

काशीचं लग्न तिच्या बापाने पुढे ढकललं. दहाव्यापर्यंत अंगणात माणसांची रीघ होती. कमळ रडत नाही म्हणून बायका आपसात बोलत. ती कंदिलाची काच पुसायची, माणसं बसायला घोंगडी घालायची आणि कुणी आईची आठवण सांगू लागलं की आत निघून जायची.

दहाव्याच्या दुपारी खोताचे कारभारी दिनानाथपंत आले. पांढरा सदरा, हातात छत्री. त्यांनी घोंगडीवर बसण्याआधी ती झटकून घेतली.

“मालकांना फार वाईट वाटलं, मास्तरीणबाई. ठमाबाई म्हणजे देवभोळी बाई. तिच्या धवल्यांना तोड नव्हती. मधल्या काळात काही लोकांनी तिच्या तोंडी भलतंसलतं घातलं, पण मालक तिला दोष देत नाहीत. तिला बिचारीला काय कळत होतं?”

कमळ काही बोलायच्या आत ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून हिरामण पाटील खाकरला. हिरामण शेतकरी मंडळाचा पुढारी. पेणहून दोन वर्तमानपत्रं मागवायचा आणि बोलताना नेहमी कुणातरी मोठ्या सभेत असल्यासारखा बोलायचा.

“भलतंसलतं कशाला म्हणता, पंत? ती गाणी आमच्या लढ्याची आहेत.”

“म्हणजे कबूल करतोस ना, की तुम्हीच घातलीत तिच्या तोंडी!”

“करतो की! घाबरतो काय? काकू अडाणी होती. आम्ही सभेत जे बोलायचो ते तिच्या कानावर पडायचं, तेच तिच्या गाण्यात उतरलं. विचार मंडळाचा, गळा काकूचा.”

“बघा,” दिनानाथपंत कमळकडे वळून समाधानाने म्हणाले, “मी काय सांगत होतो?”

कमळने दोघांकडे पाहिलं. गेलं वर्षभर ही दोन माणसं एकमेकांची सावली अंगावर पडू देत नव्हती. खोताच्या विहिरीवरून, वाट्यावरून, बांधाच्या दगडावरून त्यांची तोंडं कधी एका बाजूला झाली नव्हती. आज पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

“तुमची पहिली सभा फाल्गुनात झाली,” ती म्हणाली. “आई ती ओळ त्याआधी मार्गशीर्षात म्हणत होती.”

हिरामण हसला, पोराची चूक पोटात घालावी तसा. “बाय, तारखांचं कशाला घेऊन बसतेस? आम्ही ती गाणी छापणार आहोत. मंडळाच्या नावानं. वर काकूला श्रद्धांजली असेल. पण लग्नात आता ती नकोत. लग्न ते लग्न, राजकारण ते राजकारण. हशा पिकतो आणि विषय हलका होतो. ही गाणी सभेत शोभतात.”

“अगदी बरोबर,” दिनानाथपंत म्हणाले. “मांडवात देवाचं गाणं असावं.”

“आई मांडवातच गायची.”

“तीच म्हणाली होती ना बुधाजीला, ‘मी अडाणी बाई, मला राजकारण कुठलं?’ सगळ्या गावाने ऐकलंय.” पंतांनी छत्री उचलली. “काशीच्या हळदीला नीराबाई गाईल. मी तिला सांगितलंय, जुनं तेवढं गा. तुम्हीही समजूतदार आहात, शिकलेल्या आहात. आमच्या पडवीत मुलं किती छान पाढे म्हणतात, मालक ऐकत असतात.”

दोघे एकाच वाटेने बाहेर पडले. फाटकाशी हिरामण बाजूला झाला आणि त्याने कारभाऱ्याला पुढे जाऊ दिलं.

नीराबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने वीस वर्षं ठमाबाईच्या मागे सूर धरला होता. “माज्याकडं नको बघू,” ती म्हणाली. “माजं झोपडं त्यांच्या जागेत हाय.”

“मी काही म्हटलं का?”

“तोंडानं न्हाय म्हनालीस. तुजी आय पन अशीच बघायची.” नीराबाईने निखारे सारखे केले. “पन तीच बोलली व्हती ना, मी अडानी म्हनून? आपल्याच तोंडानं?”

“पोलीसपाटलासमोर बोलली होती, नीरामावशे.”

“मंग? दुसऱ्याला तेवढंच म्हाईत.”

आईने स्वतःच्या बचावाला जी ढाल धरली, तीच आता तिच्या अंगावर दगडासारखी ठेवून दोघे निघून गेले होते. आई दगडाखाली होती आणि हसायला वर येणार नव्हती.

काशीची हळद पुढच्या पंधरवड्यात ठरली. सुतक फिटलं होतं. कमळने जाऊ नये असं दोघी-तिघींनी सुचवलं: आई नुकतीच गेलेली, त्यात स्वतः विधवा, शुभकार्यात कशाला. काशीच स्वतः बोलवायला आली. “माज्या हळदीला ठमाकाकू न्हाय, निदान तू तरी ये,” म्हणाली आणि ओट्यावर बसून रडली. कमळने तिला गूळपाणी दिलं.

मांडव नारळीच्या झावळ्यांचा होता. पहिल्या पाटावर दिनानाथपंत बसले. हिरामणही आला होता, पुरुषांत मागे उभा. नीराबाईने गळा साफ केला आणि धवला धरला. आवाज तिचा बरा होता, पण देव कसे अंग चोरून आल्यासारखे येत होते. गणपती आला, गावदेवी आली, वाडवडील आले. काशीच्या बापाने पुढे होऊन कारभाऱ्याच्या हातात नारळ ठेवला.

दर्याला आवतान, वाऱ्याला आवतान, आवतान धरतरीला...

आणि नीराबाई थांबली. तिने मान खाली घातली. पाठीमागच्या बायकांचा सूर, सवयीने पुढे निघालेला, अर्ध्यात लटकला आणि एकेक करून खाली आला. दिनानाथपंतांनी नारळ मांडीवर नीट घेतला. हिरामणने समजुतीने मान हलवली.

पुढचा देव बोलवायला नीराबाईने तोंड उघडलं, तेवढ्यात कमळ उठून उभी राहिली.

“मावशे, थांब. ओळ पुरी व्हायची आहे.”

“मास्तरीणबाई,” पंत हळू म्हणाले, “बसून घ्या.”

कमळला गाता येत नव्हतं. शाळेत कविता शिकवताना ती जशी म्हणायची तशीच तिने ओळ म्हटली, सावकाश, शब्दन् शब्द सुटा, कारभाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन:

“खोतालाबी आवतान धाडा गं, पंगत उठल्यावरी त्याला.”

कुणी हसलं नाही. पंतांचा चेहरा काळवंडला. ते अर्धवट उठले, आणि कोपऱ्यातल्या एका म्हातारीचा आवाज आला, “बसा कारभारी. देव बसल्यात.” मग दुसरी म्हणाली, “नारळ हाय हातात.” पंतांनी नारळाकडे पाहिलं. खाली ठेवावा तर अपशकुन, घेऊन उठावं तर अपशकुन. ते पाटावर परत टेकले.

“हे राजकारण झालं,” ते म्हणाले. “उद्या शाळेचं काय ते मालक बघतील.”

“बघू देत. आणि राजकारणच आहे,” कमळ म्हणाली. “आईचं. तुमच्या हातात नारळ पडल्यावरच ही ओळ म्हणायची, हे तिने हळद कुटताना ठरवलं होतं. मी तिथेच बसले होते. तिला कुणी शिकवलं नाही, हिरामणदादा, ना सभेने ना वर्तमानपत्राने. छापायची तर तिच्या नावावर छापा. नाहीतर छापू नका.”

हिरामण काहीतरी म्हणाला. ते कुणी ऐकलं नाही, कारण मागून नीराबाईने ती ओळ उचलली होती. आधी एकटीने, पुटपुटल्यासारखी, मग दोघींनी, मग सगळ्या बायकांनी, पदर न लावता.

कमळ खाली बसली. तिने हळदीची वाटी दोन्ही हातांत धरली. हळद त्या दिवशी अंगणात आईने कुटलेलीच होती. ती पुटपुटली तशी काशीने वळून पाहिलं; तिला वाटलं, कमळ आपल्याशीच बोलतेय.

“ओळ चांगली झालीये, आये,” कमळ म्हणाली. “फार चांगली झालीये.”